माळकऱ्याचं पातेलं

मी माणूस चांगला नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाची फसगत व्हायला नको. म्हातारपणी आठवणी सांगायला बसलं की माणसं आपोआप साधुसंत होतात. त्यांच्या हातून जे वाईट झालं ते सगळं नकळत झालेलं असतं. माझं तसं नाही. मी जे केलं ते भर दुपारी, पूर्ण शुद्धीत आणि पोटभर हसत केलं.

पिंपरीत तेव्हा एक स्टेशन, सिंध्यांची छावणी आणि आमचा कारखाना एवढंच होतं. बाकी माळ, ज्वारी आणि वारा. कारखाना औषधाचा. घरं मावतील एवढाल्या टाक्यांत बुरशी वाढवायची आणि तिच्यातून औषध काढायचं. मी कऱ्हाडकडचा, मॅट्रिक झालेला, प्रयोगशाळेत नमुने तपासायला होतो. त्या मॅट्रिकची मला भलतीच घमेंड होती. आणखी तिघं दोस्त होते. एक कोकण्या, स्टोअरमध्ये. एक मिस्त्री, चिंचवडच्या जुन्या मुसलमान घरातला, पंप दुरुस्त करणारा. आणि बुवा.

बुवा टाक्यांवर कामाला होता. इंद्रायणीच्या काठचं, आळंदीच्या अलीकडचं त्याचं खेडं. तिथून रोज सायकल मारत यायचा. गळ्यात तुळशीची माळ होती म्हणून आम्ही त्याला बुवा म्हणायचो. वय म्हणाल तर माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला तुम्ही म्हणायचा. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

त्याच्या गावात दर माघात हरिनाम सप्ताह बसायचा. सात दिवस देवळात एक वीणा उभी असते. ती खाली टेकवायची नाही, अहोरात्र कुणीतरी गळ्यात घेऊन उभं राहायचं. पहिल्या दिवशी ती ज्याच्या गळ्यात पडते तो गावाचा वीणेकरी. हा मान बुवाच्या आज्ज्याचा, मग बापाचा. बापाचे गुडघे आता गेले होते. ह्या वर्षी बाप ती वीणा बुवाच्या गळ्यात घालणार होता. अट एकच: माळ अभंग पाहिजे. मांसमच्छी नाही, दारू नाही, चुकूनसुद्धा नाही. हे आम्ही त्याच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. टाकीजवळ उभा असला तरी त्याचा डावा हात छातीशी वीणा धरल्यासारखा असायचा आणि उजव्या हाताची बोटं हलत असायची. त्या माणसाला जगात दुसरं काही नको होतं.

पण देवानं त्याला आणखी एक चीज दिली होती. नाक. टाकीत नको तो जंतू शिरला की आतला माल नासतो. आम्ही प्रयोगशाळेत नमुना काचेवर पसरायचो, रंग द्यायचो, सूक्ष्मदर्शकात डोळे फोडायचो आणि अर्ध्या दिवसानं निकाल सांगायचो. बुवा टाकीच्या नळाशी जायचा, एकदा हुंगायचा आणि म्हणायचा, "ही बाय रुसली." झालं! टाकी गेलेली असायची. मी अर्धा दिवस घालवून जे लिहायचो ते त्यानं सकाळीच सांगितलेलं असायचं. एकदा झालं, दोनदा झालं, मग माझ्या पोटात दुखायला लागलं. सरळ सांगतो, मी जळत होतो.

राज्यात दारूबंदी होती. हातभट्टी मिळायची, नाही असं नाही. पण ती पिऊन डोळे गेलेला एक माणूस छावणीच्या वळणावर बसायचा. त्याला बघून आमची हिंमत व्हायची नाही. मग कोकण्यानं शोध लावला, द्राक्षासव! वैद्याच्या दुकानात उजळ माथ्यानं मिळणारं औषध. जेवणानंतर दोन चमचे, असं बाटलीवर लिहिलेलं. आम्ही चमच्याचं तेवढं मनावर घेतलं नाही.

रविवारी सकाळी कोकण्याच्या खोलीवर मैफल बसायची. चिंचवडच्या वैद्याची एक बाटली, पुण्यातल्या दोन-तीन कारखान्यांच्या. मिस्त्री स्वतः घ्यायचा नाही, पण पंच तोच. तो बाटल्यांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळायचा आणि औषध मोजायच्या काचेच्या पेल्यांत ओतून पुढं सरकवायचा. कुठलं कुणाचं ते ओळखायचं. बुवा यात असायचा, कारण आसव चालतं. गावच्या वैद्यानं त्याच्या बापालाही पचनासाठी दिलेलं होतं. "औषध हाय की," तो म्हणायचा आणि एक घोट जिभेवर घोळवून डोळे मिटायचा. मग सुरू व्हायचा. "ह्यात मनुका जुन्या हायती. ह्यात धायटीची फुलं जास्त पडली. हे लाकडी पिंपातलं न्हाई, मिस्त्री, डब्यात मुरवलंय कुणीतरी." कागद काढला की बुवा बरोबर. दर वेळी बरोबर. आम्ही टाळ्या पिटायचो, मीही पिटायचो, आणि मनात म्हणायचो, चुक की रे एकदा तरी.

आमच्या टाक्या सुरू करून द्यायला एक परदेशी साहेब आला होता. त्याच्या कानावर हे नाकाचं प्रकरण गेलं. त्यानं बुवाला बंगल्यावर बोलावलं आणि इंग्रजी समजतं म्हणून दुभाषा म्हणून मला. साहेबाजवळ दारूचं परमिट होतं. व्हरांड्यात टेबलावर दोन उंच पेले, दोन्हीत लाल वाइन. पिऊन सांग म्हणाला, कुठली जुनी. मी बुवाला सांगितलं. बुवानं गळ्याशी हात नेला, मान हलवली. "पिणार न्हाई. वास घेतो म्हणावं." नुसता वास घ्यायला कायद्याची बंदी नव्हती आणि विठोबाचीही नव्हती.

त्यानं दोन्ही पेले हुंगले. डाव्याकडं बोट केलं. "ही जुनी. पर हिचं बूच खराब हाय. बुचाला बुरशी धरली, ती हिच्यात उतरली." साहेबानं बाटलीचं बूच हुंगलं, चिमटीत कुस्करलं आणि मोठ्यानं हसला. उठून बुवाचा हात हातात घेतला. बुवा लाजून लाल झाला. साहेब मला म्हणाला, ह्या माणसाला सांग, असं नाक मी माझ्या देशात दोनदाच बघितलं. सांग की मी जायच्या आधी लिहून ठेवणार आहे, ह्याला प्रयोगशाळेत घ्या, ह्याला शिकवा.

मी बुवाकडं वळलो आणि सांगितलं, "साहेब म्हणतो, नाक बरं आहे."

"बास?" बुवानं विचारलं.

"बास. चल."

एवढा मी हलकट होतो. पण साहेबानं लिहायचं ते लिहिलंच. आठ दिवसांत हुकूम आला की सप्ताहाची सुट्टी संपवून आला की बुवा प्रयोगशाळेत बसणार. माझ्या टेबलाशेजारी त्याचं टेबल. चौथी नापास माणूस! मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

आता खाणावळीचं सांगतो. स्टेशनामागं एका कोल्हापूरकडच्या विधवा बाईची खाणावळ होती. आम्ही तिला मावशी म्हणायचो. रविवारी दुपारी आमचं जेवण तिच्याकडं ठरलेलं. बाहेर जेवायला जायचं म्हणजे आम्हाला तेच. घोंगडीवर मांडी घालून बसायचं आणि घाम पुसत ओरपायचं. मटणाचा रस्सा असा करायची की डोळ्यांतून पाणी यावं आणि हात थांबू नये. कांदा-खोबरं चुलीत भाजून पाट्यावर वाटायची आणि तोच मसाला दोन पातेल्यांत घालायची. एकात मटण. दुसऱ्यात पावटा, वांगं, जे असेल ते. ते दुसरं म्हणजे माळकऱ्याचं पातेलं.

कारखान्यात निम्मे लोक आसपासच्या खेड्यांतले, घरटी एखादा तरी माळकरी. त्यांनी निर्धास्त जेवावं म्हणून मावशीनं एक नेम धरला होता. माळकऱ्याच्या पातेल्याची चूल वेगळी, वाढायचं ओगराळं वेगळं, आणि झाकणावर तुळशीची पानं. वाढताना ती वाटीवर एक पान ठेवायची. पान असलं की समजायचं, ह्या वाटीला दुसऱ्या पातेल्याचा वाराही लागलेला नाही. माळकरी पान उचलून कपाळाला लावायचा, तोंडात टाकायचा आणि डोळे मिटून जेवायचा. कुणी कधी विचारलं नाही, मावशी, यात काय आहे. पान म्हणजे मावशीचा शब्द.

सप्ताहाच्या आधीच्या रविवारी बुवाला निरोपाचं जेवण द्यायचं ठरलं. शनिवारी कँटीनमध्ये डबे उघडून बसलो होतो, बुवा टाकीवर होता. कोकण्या म्हणाला, "त्याच्या जिभेला काय सुटत नाही रे. ओगराळं ह्या पातेल्यातनं त्या पातेल्यात गेलं तरी ओळखील मेला."

"काही ओळखत नाही," मी म्हणालो. "नाक आहे, जीभ कुठाय? उद्या मटणाचा रस्सा पावट्याचा म्हणून घालतो. चाटूनपुसून खाईल बघ."

कोकण्या आधी हसला, मग म्हणाला, "नको रे." पण ते नको असं होतं की त्यात चल असंच ऐकू यावं.

मिस्त्रीनं घास खाली ठेवला. "मला कुणी फसवून डुक्कर खाऊ घातलं," तो म्हणाला, "तर मी त्याचं काय करीन असं वाटतं तुला?"

"अरे गंमत रे! कुणाला कळतंय?"

"खुदाला सोड. बुवाला कळेल की." डबा बंद करून तो उठला. "उद्या मला ओव्हरटाइम आहे. मी येत नाही. आणि तूही असं काही करू नकोस, राव."

त्याला ओव्हरटाइम नव्हता. तो यायचा नाही एवढंच त्यानं केलं. बुवाला सांगितलं नाही. पुढं ह्याचा त्यानं स्वतःला फार त्रास करून घेतला, पण तो त्याचा प्रश्न. माझ्या पापात मी भागीदार घेत नाही.

रविवारी बुवा धुतलेलं धोतर नेसून आला. दुसऱ्या दिवशी सप्ताह बसायचा होता, तो भलताच खुशीत होता. "तुमी समदे या," म्हणाला. "मंगळवारी पंगतीला या. माझ्या गळ्यात वीणा बघाल." मावशीनं त्याच्यासाठी मुद्दाम पावटा केला होता. ती आमच्या समोरच तव्यापाशी भाकऱ्या थापत होती, हात पिठानं भरलेले. मी म्हणालो, "मावशी, तुम्ही बसा. वाट्या मी भरतो." घरच्यासारखी वहिवाट होती, ती हो म्हणाली.

आत गेलो. रिकामी वाटी घेतली. मटणाच्या पातेल्यातला वरचा रस्सा कडेकडेनं घेतला, तुकडा येऊ नये म्हणून फडक्यातून गाळला. माळकऱ्याच्या पातेल्यातले चमचाभर पावटे त्यावर सोडले. रंग तोच, तवंग तोच. मग झाकणावरचं तुळशीचं एक पान उचललं आणि वाटीवर ठेवलं. हात कापला का? नाही कापला. मला एवढं हसू येत होतं की वाटी हिंदकळली.

बुवानं पान उचललं, कपाळाला लावलं, तोंडात टाकलं. भाकरी मोडली, रश्शात बुडवली आणि घास घेतला.

त्याचा जबडा थांबला.

त्यानं वर बघितलं. आधी कोकण्याकडं, तो ताटात तोंड घालून बसला होता. मग माझ्याकडं. मी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि म्हणालो, "कसा झालाय रस्सा, बुवा?"

तो हळूहळू चावत राहिला. गिळला. "झ्याक झालाय," म्हणाला.

हात्तिच्या! फसली की जीभ! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यानं दुसरा घास घेतला. पुन्हा माझ्याकडं बघितलं. मी कांदा फोडून त्याच्या ताटात टाकला, "खा, खा, लाजू नकोस." तिसरा घेतला. चौथा घेतला. दर घासाला तो मान वर करायचा आणि मी हसायचो. शेवटी भाकरीच्या तुकड्यानं त्यानं वाटी पुसून घेतली आणि पालथी घातली.

मग मला राहवेना. माझ्या ताटातली नळी उचलली, त्याच्या पुढ्यात ताटावर ठक् ठक् आपटली आणि म्हणालो, "बुवा, ह्या पावट्याला शेंग केवढी होती बघितलीस का?"

कोकण्या फिस्सकन हसला. त्याला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसत राहिला. मी मांडीवर थापा मारत होतो. बुवा नळीकडं बघत होता.  उठला, मोरीत जाऊन हात धुतला, चूळ भरली आणि धोतराला तोंड पुसत म्हणाला, "येतो मी." सायकलीचा आवाज आला. मला वाटलं, माणूस गांगरला. जाईल, दोन दिवस तोंड लपवील, पण वीणा काही सोडणार नाही. सांगणार कोण?

मावशी तव्यापासून उठून आमच्यापाशी आली होती. तिनं नळी बघितली, पालथी वाटी बघितली, आणि आत जाऊन झाकण बघून आली. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती हळूच बोलली, ते जास्त वाईट होतं.

"मटण घातलंस ते तुझं तू आणि त्याचं तो बघंल. माझं पान कशाला खोटं केलंस रं? त्या पानाशिवाय माझ्याजवळ काय हाय?"

"मावशी, थट्टा हो."

"ऊठ. भरल्या ताटावरनं ऊठ. दोघंबी उठा."

तिनं दोन्ही पातेली उकिरड्यावर पालथी केली. गोष्ट पसरलीच. महिनाभरात एकही माळकरी तिच्याकडं फिरकेना, आणि जिथं चार लोक जात नाहीत तिथं पाचवाही जात नाही. पावसाळ्याआधी तिनं चूल मोडली आणि भाच्याकडं निघून गेली. ती कशी जगली मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही.

मंगळवारी मी आणि कोकण्या सायकली काढून बुवाच्या गावाला गेलो. का गेलो? त्याच्या गळ्यात वीणा बघायला. ती बघायची, लांबून एक डोळा मारायचा, आणि पुढं प्रयोगशाळेत शेजारी बसला की आयुष्यभर डोळा मारत राहायचं. बुवा, तुझी माळ माझ्या मुठीत. असा माझा हिशेब होता.

देवळाच्या अंगणात मांडव होता. वीणा एका भलत्याच माणसाच्या गळ्यात होती. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, तर तो सांगायला टपलेलाच होता. काल सकाळी बापानं वीणा पुढं केली. पोरगा पुढं आला, गळ्यातली माळ काढली, बापाच्या पायावर ठेवली आणि सगळ्या गावासमोर म्हणाला, आबा, माझी माळ मोडली, मी मटण खाल्लं. बापानं विचारलं, कुणी घातलं? पोरगा म्हणाला, कुणी न्हाई, माझ्या हातानं खाल्लं. बाप वीणा घेऊन तसाच उभा. गुडघे लटलट कापत होते. शेवटी चुलतभावाच्या पोरानं पुढं होऊन वीणा घेतली, नाहीतर टेकली असती भुईला. वीणा टेकली असती, असं सांगताना म्हाताऱ्याच्या अंगावर काटा आला.

"बापानं काय केलं?" मी विचारलं.

"काय करंल? म्हनला, पंगतीत बसू नगंस. वाढायलाबी येऊ नगंस. आन् घरातबी माझ्या ताटाला ताट लावू नगंस."

बुवा मांडवाबाहेर बसला होता, जिथं लोक वहाणा काढतात तिथं. गळा मोकळा. माळेच्या जागी गोरा पट्टा उठून दिसत होता. आम्हाला बघून तो उठला. मला वाटलं, आता थोबाडीत देणार, आणि खरं सांगतो, मी गाल तयार ठेवला होता. तो मांडवाच्या कडेपर्यंत आला, आत पाऊल टाकलं नाही, आणि वाढप्याला हाक मारली. "हे माझे पाव्हणे हायती. कारखान्यातले. ह्यांना चांगलं बसवा, खीर वाढा."

आम्हाला पंगतीत बसवलं. पत्रावळ, द्रोण, भात, आमटी, गव्हाची खीर. ज्यानं खाऊ घातलं तो पंगतीत आणि ज्यानं खाल्लं तो वहाणांपाशी. मला कुणी विचारलं नाही, तू काय खातोस आणि तुझ्या हातून काय झालं. पाहुण्याला कोण विचारतो? एक वाक्य बोलायचं होतं. उठून म्हणायचं होतं, ह्यानं नाही केलं, मी केलं. बाप मांडवाच्या खांबाला टेकून बसला होता, दहा हातांवर. कोकण्यानं मला कोपरानं ढोसलंसुद्धा. मी खाली मान घालून आमटी ओरपली. खीर दोनदा घेतली. वाढपी आग्रह करत होता.

मिस्त्रीनं हे ऐकलं. त्यानंतर माझ्या डब्यातला घास त्यानं कधी तोंडात घातला नाही. मी डबा पुढं केला की म्हणायचा, "पोट भरलंय." अकरा वर्षं त्याचं पोट भरलेलं होतं. कोकण्याची बदली झाली आणि तो सुटला.

बुवा सुट्टी संपवून आला आणि हुकुमाप्रमाणं माझ्या शेजारच्या टेबलावर बसला. टेबल दोन हातांवर. काम शिकवायचं मीच. तो शिकला, लवकर शिकला. "तुमी" म्हणायचं सोडलं नाही. त्या गोष्टीचा शब्द काढला नाही. मला वाटायला लागलं, विसरला. माणूस विसरतोच, असं मी स्वतःला बजावत होतो. पण त्याचा उजवा हात आता टेबलावर नुसता पडलेला असायचा, बोटं हलायची नाहीत.

शिमग्याच्या आसपास एका दुपारी आम्ही दोघंच होतो. त्यानं डबा उघडला, चटणी-भाकरी. मी ऐकलं होतं की आळंदीचे एक महाराज त्याला प्रायश्चित्त देऊन पुन्हा माळ घालायला तयार आहेत, आणि हाच जात नाही. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरण्याची तेवढी एकच वाट होती, म्हणून मी जरा चिडूनच म्हणालो, "अरे घालून घे की माळ. महाराज देतायत. किती दिवस उघड्या गळ्यानं फिरणार?"

"गेलो व्हतो," तो म्हणाला. "महाराज म्हनले, देवाम्होरं सांग, ते खाल्लेलं तुला वकारीसारखं वाटतंय. मग घालतो."

"मग? म्हणायचं!"

"कसं म्हणू? चव लागली व्हती." तो भाकरीकडं बघत होता. "जिभेला खोटं बोलाया शिकवलं न्हाई मी. अजून आठवती."

 मग एकदम डोक्यात आलं आणि मी विचारलं, "म्हणजे तुला तिथं कळलं होतं? खाताना?"

"पयल्या घासाला."

"थापा मारतोस. कळलं होतं तर थुंकला का नाहीस?"

"मावशी समोर व्हती. तिचं पान व्हतं वाटीवर. थुकलो असतो तर तिचं काय राहिलं असतं?"

"बरं, तो एक घास झाला. दुसरा का घेतलास? सगळी वाटी का खाल्लीस?" माझा आवाज चढला होता. मला त्याचा राग येत होता. आजही आठवलं की येतो. "कळून-सवरून खाल्लीस, मग दोष कुणाचा?"

त्यानं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं, त्या दिवशी बघितलं होतं तसंच.

"तुमच्याकडं बघितलं की मी," तो म्हणाला. "म्हनलं, दोस्त हाय, चेष्टा करतोय, आता म्हनंल, थांब बुवा, खाऊ नगंस. दुसऱ्या घासाला वाटलं, आता म्हनंल. तिसऱ्याला वाटलं, आता. वाटी संपेस्तोवर थांबलो मी."